योगाभ्यास : शिकणे आणि टिकवणे

(गोरेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



योग शिकण्याची सोय आज गोरेगावात प्रत्येकाच्या दाराशी येऊन उभी आहे. उद्यानांत सकाळचे वर्ग चालतात, गृहनिर्माण संस्थांच्या सभागृहांत शिबिरे होतात, दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर तर चोवीस तास मार्गदर्शन मिळते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने 11 डिसेंबर 2014 रोजी आंतरराष्ट्रीय योग दिनाचा ठराव संमत केला, तेव्हा 177 देश त्याचे सहप्रस्तावक होते. 21 जून 2015 पासून हा दिवस जगभर साजरा होऊ लागला. ही प्रत्येक भारतीयाने अभिमान बाळगावा अशीच गोष्ट आहे.

परंतु 21 जूननंतर 22 जून येतो, आणि खरा प्रश्न त्या दिवशी सुरू होतो. मैदानावर अंथरलेली सतरंजी गुंडाळली जाते, विकत आणलेली चटई कपाटामागे उभी राहते, आणि पुढे वर्षभर तिच्यावर धूळ साचते. शिबिरात दहा दिवस उत्साहाने आलेली माणसे अकराव्या दिवशी काय करतात, याची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून आजचा विषय ‘योग कसा शिकावा’ हा नसून ‘शिकलेला योग कसा टिकवावा’ हा आहे. आरंभ सोपा असतो, कारण आरंभाला उत्साहाचे बळ असते. सातत्याला मात्र स्वत:चेच बळ लागते.

येथे जमलेल्यांपैकी अनेकांनी बालपणी शाखेच्या मैदानावर सूर्यनमस्कार घातले असतील. त्या वयात कोणालाही ते अवघड वाटले नाहीत. शिट्टी वाजली की रांगेत उभे राहायचे आणि शेजारच्याबरोबर वाकायचे. समूहाची शिस्त माणसाला सांभाळून नेते. पुढे नोकरी लागली, संसार सुरू झाला, मैदान सुटले, आणि बहुतेकांचे सूर्यनमस्कारही मैदानावरच राहिले. म्हणजे शरीराला सवय झाली होती, परंतु ती सवय घरात येऊन स्वत:ची झाली नव्हती. शिट्टी नसताना, शेजारी कोणी नसताना, कोणी पाहत नसताना जो उभा राहतो, त्याचाच अभ्यास टिकतो. समूहाने लावलेली शिस्त व्यक्तीच्या दिनचर्येत उतरावी, हाच तर संस्काराचा हेतू असतो.

योग हा संसार सोडलेल्यांचा विषय आहे, ही समजूत मुंबईच्या याच उपनगरी भागात मोडली गेली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 25 डिसेंबर 1918 रोजी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, दादाभाई नौरोजी यांच्या निवासस्थानी ‘द योग इन्स्टिट्यूट’ ही संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक श्रीयोगेंद्र हे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. मूळचे गुजरातचे, मुंबईत शिकायला आलेले मणिभाई देसाई म्हणजेच हे योगेंद्रजी. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे गुरू. संन्यास न घेता, गृहस्थाश्रमात राहून, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या सामान्य माणसाला योग शिकवायचा, हा योगेंद्रजींचा निश्चय होता. पुढे त्यांनी विवाह केला, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी 1934 साली स्त्रियांसाठी योगासनांचे पुस्तक लिहिले. स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या योगविषयक पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. ही संस्था आज सांताक्रूझ येथे कार्यरत आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ तिचे काम अखंड चालू आहे.

माधवदासजींचेच दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. खानदेशात अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात रमलेल्या या शिक्षकाने 1924 साली लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ उभारले आणि आसन-प्राणायामांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले. एका गुरूचे दोन शिष्य. एकाने योग गृहस्थाच्या घरात नेला, दुसऱ्याने तो विज्ञानाच्या कसोटीवर लावला. या दोघांच्या परिश्रमांमुळे आज गोरेगावच्या दोन खोल्यांच्या घरातही योग करता येतो, आणि तो डोळसपणे करता येतो.

आता टिकवण्याचा विचार करू. पतंजलींनी योगसूत्रांच्या आरंभीच अभ्यासाची व्याख्या केली आणि तो दृढ केव्हा होतो, हेही सांगून ठेवले. त्यांच्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत : दीर्घ काळ, अखंडता आणि आदरभाव. यांतील पहिल्या दोन गोष्टी सर्वांच्या लक्षात येतात, तिसरी निसटते. आदरभाव म्हणजे अभ्यासाला दिवसातली उरलीसुरली वेळ न देणे. घरी पाहुणे आले तर त्यांना आपण मोडकी खुर्ची देत नाही. अभ्यासालाही तसेच नीट आसन, नीट वेळ आणि लक्ष द्यावे लागते. बातम्या ऐकत ऐकत केलेले आसन हे फार तर हातपाय हलवणे होय.

गोरेगावकराची अडचण मात्र खरी आहे. सकाळी पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळा, डबा, मग स्थानकाकडे धाव. 2018 मध्ये हार्बर मार्ग गोरेगावपर्यंत आला, 2022 आणि 2023 मध्ये मेट्रो धावू लागली. प्रवासाची साधने वाढली, परंतु दिवसाचे तास चोवीसच राहिले. अशा माणसाला ‘ब्राह्ममुहूर्तावर उठून दीड तास साधना करा’ असे सांगणे म्हणजे त्याला अभ्यासापासून दूर ढकलणे होय. दीड तासाचा संकल्प करणारा तिसऱ्या दिवशी थकतो, आणि थकल्यावर स्वत:ला दोष देऊ लागतो. संकल्प मोठा असण्यापेक्षा पाळता येण्याजोगा असणे महत्त्वाचे.

वीस मिनिटांपासून प्रारंभ करावा. वीस मिनिटांत काय होते, असे कोणाला वाटेल. तर पुढील क्रम पाहा. पहिली दोन मिनिटे डोळे मिटून स्वस्थ बसणे. त्यानंतर चार मिनिटांत सावकाश सहा सूर्यनमस्कार. पुढची सात मिनिटे मोजक्या आसनांसाठी : उभ्याने ताडासन, बसून वक्रासन, पोटावर भुजंगासन, पाठीवर पवनमुक्तासन. त्यानंतर तीन मिनिटे शवासन. शेवटची चार मिनिटे संथ, दीर्घ श्वसन किंवा श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम. एवढेच. मात्र प्रत्येक स्थितीत घाई नसावी. आसन स्थिर आणि सुखावह असावे, आणि त्यातील प्रयत्न हळूहळू सैल पडावा, हा पतंजलींचा दंडक आहे. कपाळावर आठ्या आणि श्वास कोंडलेला, अशा अवस्थेत पायाची बोटे पकडण्यात काही अर्थ नाही.

जागेचा प्रश्नही तितका मोठा नाही. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा पुरते. ती दिवाण आणि कपाट यांच्या मधली असली तरी चालेल, परंतु रोज तीच असावी. वेळही शक्यतो तीच असावी. पहाटेची वेळ उत्तम खरी, पण ज्याची पाळी रात्रीची आहे त्याने सायंकाळ निवडावी. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास जावेत, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ यांचा लाभ असा की, ‘आज करावे की न करावे’ हा प्रश्नच रोज नव्याने पडत नाही. दात घासावेत की नाही, याचा विचार कोणी करतो का? अभ्यासही त्या पातळीवर आला की तो टिकला असे समजावे.

अभ्यास मोडतो कशामुळे, याचाही पतंजलींनी बारकाईने विचार केला आहे. त्यांनी सांगितलेले नऊ अंतराय वाचले की, हा ऋषी आपल्याच इमारतीत राहत होता की काय, असे वाटते. व्याधी म्हणजे आजारपण. स्त्यान म्हणजे मनाची जडता, काही करावेसेच न वाटणे. संशय, म्हणजे ‘याने खरेच काही होते का?’ प्रमाद म्हणजे हयगय. आलस्य म्हणजे शरीराचा जडपणा. अविरती म्हणजे विषयसुखाची न सुटणारी ओढ; रात्री बारापर्यंत भ्रमणध्वनीत गुंतलेला माणूस सकाळी उठू शकत नाही, ती हीच. भ्रांतिदर्शन म्हणजे चुकीची समजूत. चार आसने जमली की आपण योगी झालो, असे वाटणे. अलब्धभूमिकत्व म्हणजे बराच काळ करूनही पुढची पायरी न गाठणे. आणि अनवस्थितत्व म्हणजे गाठलेल्या पायरीवर न टिकणे.

या नवांची यादी पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांतील फक्त पहिला, आणि काही अंशी पाचवा, शरीराचा आहे. बाकीचे सर्व मनाचे आहेत. याचा अर्थ, अभ्यास सुटतो तो गुडघा दुखल्यामुळे क्वचितच. बहुधा मन उठले म्हणून सुटतो. यावर पतंजलींचा पहिला उपाय आहे एकाच तत्त्वाचा अभ्यास. आज एका वाहिनीवर पाहिलेला प्रकार, उद्या दुसऱ्या शिबिरातला, परवा मित्राने सांगितलेला, अशी धरसोड करणाऱ्याची विहीर दहा ठिकाणी हात-हातभर खणली जाते. पाणी कोठेच लागत नाही. एक पद्धत, एक शिक्षक आणि एक क्रम किमान वर्षभर धरावा.

याच्या उलट एक धोका आहे, आणि निष्ठावान माणसांनी तो विशेष लक्षात घ्यावा. स्वात्मारामांच्या ‘हठयोगप्रदीपिके’त योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत : अतिआहार, अतिश्रम, वायफळ बडबड, नियमाग्रह, लोकांच्या गर्दीत रमणे आणि चंचलता. यांतील नियमाग्रह हा शब्द विचार करण्यासारखा आहे. टीकाकारांनी त्याचे उदाहरण दिले आहे ते पहाटेच्या थंड पाण्याच्या स्नानाचे. प्रकृतीला सोसत नसतानाही नियम म्हणून ते करीत राहणे, हे योगाला घातक आहे. शिस्त आणि हट्ट यांच्यातील ही सीमारेषा आहे. ताप आलेला असताना बारा सूर्यनमस्कार घालणे हा हट्ट. त्या दिवशी अंथरुणावरच पाच मिनिटे शांत श्वसन करणे ही शिस्त. अखंडता म्हणजे रोज सारखेच करणे नव्हे, तर रोज काहीतरी करणे होय.

सूर्यनमस्कारांच्या बाबतीत औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. राजाने स्वत: रोज नमस्कार घातले, आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली. 1938 साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमधून प्रसिद्ध झाले आणि सूर्यनमस्कार पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचले. लोकांना उपदेश करण्यापूर्वी त्यांनी स्वत:चा घाम गाळला होता. घरातील वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मुलाला योगवर्गाला घालून स्वत: वर्तमानपत्र वाचत बसणाऱ्या पालकाचा मुलगा वर्ग संपला की योगही संपवतो.

आणि घरातील स्त्रीचे काय? या प्रश्नाला बगल देऊन हा विषय पूर्ण होत नाही. आपल्या घरात सर्वांत आधी उठते ती, आणि अभ्यासाला वेळ मिळत नाही तोही तिलाच. कुकरची शिट्टी, दुधाची पिशवी, सासऱ्यांचे औषध, मुलाचा गणवेश यांतून तिने वीस मिनिटे कशी काढावी? ती एकटी काढू शकत नाही. ती कुटुंबाने तिला द्यावी लागतात. पतीने डबा भरावा, मुलांनी आपली अंथरुणे आवरावीत, आणि त्या वीस मिनिटांत तिला कोणी हाक मारू नये. पाठदुखी, सांधेदुखी, रजोनिवृत्तीच्या काळातील तगमग हे सारे ती निमूटपणे सोसते आणि दुखणे वाढले की मग रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू होतात. कुटुंबव्यवस्थेचा आपण अभिमान बाळगतो. त्या व्यवस्थेला घरातील गृहिणीसाठी वीस मिनिटेही राखता येत नसतील, तर तो अभिमान तपासून पाहायला हवा.

आता थोडे सावधगिरीविषयी. दूरचित्रवाणीवर पाहून योग करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु पडद्यावरचा शिक्षक आपल्याकडे पाहत नसतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कपालभाती करू नये. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचे विकार असतील तर शीर्षासन टाळावे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या ‘आता योग सुरू केला’ म्हणून स्वत:च्या मनाने बंद करणे हे तर साहस नव्हे, अविचार आहे. गोळी कमी करायची की नाही, ते तपासणी करून वैद्यच ठरवील. योगामुळे शरीर लवचीक होते, झोप सुधारते, ताण हलका होतो, रक्तदाबावरील नियंत्रणास मदत होते. एवढे श्रेय पुरेसे आहे. प्रत्येक रोग हमखास बरा होतो, असा दावा करणारे योगाचे मित्र नव्हेत. तो दावा फसला की लोकांचा विश्वास योगावरूनच उडतो. प्रारंभी काही महिने तरी जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली शिकावे, आणि नंतर तोच क्रम घरी करावा.

आणि अभ्यास सुटलाच तर? तो सुटतो. घरात आजारपण येते, बदली होते, लग्नकार्य निघते. अशा वेळी बी. के. एस. अय्यंगार यांचे जीवन आठवावे. त्यांचा जन्म 14 डिसेंबर 1918 चा, म्हणजे वर्सोव्याची संस्था सुरू होण्यापूर्वी अकरा दिवस आधीचा. ते इन्फ्लुएन्झाच्या साथीचे दिवस होते. त्यांचे बालपण क्षय, विषमज्वर, हिवताप अशा आजारांत गेले. 1937 साली काही महिन्यांच्या शिक्षकाच्या कामासाठी ते पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. 1966 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, 1975 साली पुण्यात संस्था उभी राहिली, कीर्ती जगभर पसरली. आणि 1979 मध्ये स्कूटरच्या अपघातांत त्यांचे शरीर जायबंदी झाले. साठी गाठलेल्या त्या जगद्विख्यात आचार्यांना पूर्वी सहज जमणारी आसने जमेनात. त्यांनी नवशिक्यासारखा पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ केला, आणि 2014 साली निधन होईपर्यंतच्या वार्धक्यातही, खुर्ची, दोर, लोड यांचा आधार घेत, अभ्यास सोडला नाही. ज्यांनी कीर्तीच्या शिखरावर असताना पुन्हा पहिली पायरी चढली, त्यांच्यासमोर आपली महिन्याभराची सुट्टी ती काय? सुटले तर पश्चात्तापात वेळ न घालवता दुसऱ्या दिवशी चटई पुन्हा अंथरावी. पहिला आठवडा अर्धाच क्रम करावा, मग पूर्ववत व्हावे.

शेवटी एक कसोटी. आपला अभ्यास मुरतो आहे, हे ओळखावे कशावरून? कपाळ गुडघ्याला लागले की नाही, यावरून तर नव्हेच. पतंजलींनी मन प्रसन्न राहण्याचे चार मार्ग सांगितले आहेत : सुखी माणसाशी मैत्री, दु:खी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताबद्दल आनंद आणि दुर्जनाविषयी उपेक्षा. सकाळी प्राणायाम करून निघालेला माणूस लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी हमरीतुमरीवर येत असेल, किंवा घरी परतल्यावर म्हाताऱ्या आईवर खेकसत असेल, तर त्याचा श्वास अजून संथ झालेला नाही. उलट, शेजाऱ्याच्या मुलाला चांगली नोकरी लागली आणि मनाला टोचणी न लागता आनंद झाला, तर अभ्यास योग्य दिशेने चालला आहे असे खुशाल समजावे. ही कसोटी दुसऱ्या कोणी घ्यायची नाही. तिचे प्रमाणपत्र मिळत नाही, छायाचित्र निघत नाही.

ज्ञानोबांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावरील विवेचनात योगाभ्यासाचे रहस्य मराठीत उलगडून ठेवले, त्याला सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला. हा ठेवा आपल्या भाषेत आणि आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. जग त्याचा दिन साजरा करते, हे उत्तमच. परंतु ठेवा साजरा केल्याने टिकत नाही, तो वापरल्याने टिकतो. म्हणून येथून घरी जाताना मोठा संकल्प करू नये. आज रात्री भ्रमणध्वनी अर्धा तास आधी बाजूला ठेवावा, सकाळची वेळ घरच्यांशी बोलून ठरवावी, जागा मोकळी करून ठेवावी. उद्या वीस मिनिटे, आणि परवाही वीसच मिनिटे.